‘ग्रँटेड’चा वाक्यात उपयोग

अन्नपूर्णा उरकुडेच्या लाल पेनाची दहशत धुरपताबाई विद्यालयात सोळा वर्षं होती. स्पेलिंगमधलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ती वहीवर असा फरकाटा ओढायची की मागच्या पानावर वळ उठायचा. खाली सही, सहीखाली तारीख. एकदा तर मुख्याध्यापकांनी फळ्याशेजारी लावलेल्या नोटिशीवरच तिने लाल पेन चालवलं, आणि मुख्याध्यापकांनी ती नोटीस निमूटपणे पुन्हा लिहून काढली. मॅडम रागीट आहे हे गावात सगळ्यांना मान्य होतं. हा राग नेमका कशाचा, हे मात्र कोणी विचारलं नाही. चूक दिसली की बाई चिडते, एवढंच सगळे धरून चालले होते.

शाळा वर्ध्याकडच्या अल्लीपूरपासून चार-पाच किलोमीटरवरच्या गावात. गावातले पुढारी अण्णाजी यांनी ती आपल्या आईच्या नावाने काढलेली, आधी टिनाच्या दोन खोल्यांत, मग हळूहळू स्लॅबच्या सहा खोल्यांत. शाळा विनाअनुदानित, म्हणजे मास्तरांचा पगार सरकार देत नाही आणि संस्थाही देत नाही. पण हे सरकारी नाव गावात कोणी घेत नसे. गाव म्हणे, नॉन-ग्रँटेड. इकडे हे दोन शब्द शेंबड्या पोरालाही कळतात. ग्रँटेड मास्तर म्हणजे ज्याचा पगार सुरू झाला तो. त्याच्याकडे मोटारसायकल असते, लग्नाच्या बाजारात त्याला भाव असतो, आणि त्याची बायको हळदीकुंकवाला उशिरा आली तरी चालते. नॉन-ग्रँटेड म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा. त्याला लोक सर म्हणतात आणि उरलेलं सगळं त्याने समजून घ्यायचं असतं.

अन्नपूर्णाचं लग्नही ह्याच शब्दावर जुळलं होतं. सासरे रूपराव तिला बघायला आले तेव्हा पोहे खाता खाता त्यांनी एकच गोष्ट विचारली, पोरीची शाळा ग्रँटेडवर कधी येणार. तिच्या वडिलांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, दोन वर्षांत. तेवढ्यावर सुपारी फुटली. नवरा रोशन, अल्लीपूरला पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधून देण्याचं त्याचं दुकान. माणूस सरळ, कामाला वाघ, बोलायला कंजूस. दोन वर्षांची चार झाली, चाराची आठ. रूपराव दर दिवाळीला विचारायचे, काय म्हणते ग्रँट. सातव्या दिवाळीला त्यांनी विचारणं सोडलं, आणि त्या न विचारण्याने ती जास्त पोळली.

सोळा वर्षं ती रोज साडेदहाला शाळेत होती. रविवारी गावातल्या बायांची पोलकी शिवायची. कापसाच्या दिवसांत सुटी लागली की तोंडाला फडकं बांधून वेचायला जायची, म्हणजे पोरांनी ओळखू नये. पोरं ओळखायची. ती मुकाट्याने पलीकडच्या ओळीला सरकायची आणि सोमवारी वर्गात एक शब्द काढायची नाहीत. तिच्या हाताखालून गेलेली दोन पोरं पोलिसात लागली, एक पोरगी पुलगावच्या दवाखान्यात नर्स झाली. रस्त्यात भेटली की वाकून पाया पडायची. अण्णाजी ते बघत आणि बाजूच्याला सांगत, पाहा, आमच्या शाळेचे संस्कार.

मग यंदा जानेवारीत ग्रँट आली.

शाळेसमोर फटाक्यांची लड लागली. अण्णाजींनी स्वतः पेढे वाटले. अन्नपूर्णाने वाटेत दुकानातून आणखी पेढे घेतले आणि घरी जाऊन आधी रूपरावांच्या हातावर एक ठेवला. म्हाताऱ्याने तो तोंडात न टाकता बराच वेळ नुसता पाहिला. सासू रुख्माबाईने देवापुढे दिवा लावला. रोशन त्या दिवशी दुकान लवकर बंद करून आला, आणि जेवताना दोनदा कारण नसताना हसला.

चौथ्या दिवशी अण्णाजींनी घरी बोलावलं. अंगणात उन्हाला खुर्च्या टाकल्या होत्या. त्यांनी तिला चहा पाजला, सासऱ्याची तब्येत विचारली, आणि मग अगदी सावकाश, कोणाला लग्नाची तारीख सांगावी तसं सांगितलं. इंग्रजीच्या, म्हणजे तिच्याच, जागेवर पगाराच्या यादीत नाव सुरभीचं गेलं आहे. सुरभी म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, नागपूरची, बी.एड. झालेली. तिचं लग्न अडून राहिलं होतं, ग्रँटेडवर लागली की मार्गी लागेल. शिक्षकांचं हजेरीपत्रक नव्याने लिहून झालं होतं, त्यात सुरभी सहा वर्षांपासून इंग्रजी शिकवत होती. अन्नपूर्णाचं नाव त्यात नव्हतंच. येत्या गुरुवारी तपासणीचे साहेब येणार होते. त्या दिवशी अन्नपूर्णाने घरी राहायचं. सुरभी सोमवारपासून येईल, मागच्या बाकावर बसून तीन दिवस पाहून घेईल, की झालं. तिकडे रोशनचं दुकान चालतंच आहे, तेव्हा मॅडमला काही कमी पडणार नाही, असंही ते म्हणाले.

“तुमी तं आपलेच मानूस हा मॅडम,” अण्णाजी उठता उठता म्हणाले. “तुमाले काय समजावून सांगा लागते.”

आणि तिने काय केलं? हात जोडले, कप उचलून ओट्यावर ठेवला आणि निघाली. नोटिशीतल्या वेलांटीसाठी मुख्याध्यापकाला न सोडणारी बाई, सोळा वर्षांवर कोणी पांढरा रंग फासला तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. वाटभर तिला अण्णाजींचा राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला. त्या माणसाने विचारलंसुद्धा नव्हतं. बाई ऐकेल, हे त्याने इतकं पक्कं धरलं होतं की धमकी देण्याचीही तसदी घेतली नाही. निदान धमकावलं असतं तर आपल्याला मोजलं तरी असतं, असं तिला वाटत राहिलं.

घरी सांगितल्यावर रूपराव तंबाखू मळता मळता म्हणाले की अण्णाजी मोठा माणूस आहे, त्याच्याशी वैर घेऊन गावात राहायचं कसं. रोशनने ताट सरकवलं आणि बाहेर जाऊन बसला. रुख्माबाईने फक्त एवढंच विचारलं की गुरुवारी घरी आहेस का. आहेस तर वाळलेल्या मिरच्यांची देठं खुडून घेऊ, दोन पोती तशीच पडली आहेत. अन्नपूर्णाने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कोणावर ओरडणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सोमवारी सुरभी आली आणि नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसली. आयत्या बिळावर नागोबा, असं अन्नपूर्णा मनात म्हणाली खरं, पण नागोबा बिचारा घाबरलेला होता. पोरगी खाली मान घालून वहीत काहीबाही लिहायची, आणि कोणी ‘मॅडम’ म्हटलं की चुकून अन्नपूर्णाकडे पाहायची.

मंगळवारी धड्यात एक वाक्प्रचार आला. टेक फॉर ग्रँटेड. अन्नपूर्णाने अर्थ सांगितला आणि घरून वाक्यात उपयोग करून आणायला सांगितलं. तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, अर्थ घाईत सांगितला गेला. बुधवारी सकाळी वह्या आल्या आणि पहिलीच उघडल्यावर तिने कपाळावर हात मारला. पोराने लिहिलं होतं की माझे काका वर्ध्याला शिक्षक आहेत, मागच्या वर्षी त्यांना टेक फॉर ग्रँटेड केलं. दुसऱ्याने लिहिलं, लग्नाआधी आमच्या भाऊजींना टेकन फॉर ग्रँटेड करून घेतलं म्हणून ताईचं भलं झालं. एकतीस वह्यांपैकी सव्वीस वह्यांत कोणी ना कोणी ग्रँटेडवर लागलं होतं, पगार सुरू झाला होता, आणि घरात पेढे आले होते.

दुसरी कोणती वेळ असती तर ती पोट धरून हसली असती. त्या दिवशी तिने वर्गात वह्या टेबलावर आपटल्या. फळ्यावर तो वाक्प्रचार मोठ्या अक्षरांत लिहिला आणि विचारलं, व्हरांड्यातला माठ कोण भरतो. कोणालाच सांगता येईना. पाणी कोण कोण पितं, तर सगळे हात वर. माठ तानबा भरतो, शाळेचा शिपाई, ती म्हणाली. सकाळी तुमच्या आधी येऊन विहिरीवरून चार खेपा करतो. माठ भरलेलाच असणार असं तुम्ही धरून चालता. भरणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, त्याला कोणी विचारत नाही, त्याचे आभार मानत नाही. ह्याला म्हणतात टेक फॉर ग्रँटेड. ग्रँटचा, पगाराचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही. बोलता बोलता तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गातला गणिताचा तास थांबला.

दुसऱ्या बाकावरची रिंकू उभी राहिली. काळीसावळी, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली, प्रश्न विचारून भंडावणारी पोरगी. “मंग मॅडम,” ती म्हणाली, “जे नॉन-ग्रँटेड रायते त्यायलेच फॉर ग्रँटेड धरते का?”

मागच्या बाकावर सुरभीने पेन खाली ठेवलं. वाक्यं पुन्हा लिहा, एवढंच अन्नपूर्णा म्हणाली. शाळा सुटताना पोरांनी दुरुस्त करून दिलेल्या वह्या तिने सवयीने पिशवीत भरल्या आणि घरी नेल्या. उद्यापासून आपण त्या तपासायच्या नाहीत, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

गुरुवारी सकाळी ती मिरच्यांपुढे बसली. साडेदहा वाजले तेव्हा हात थांबले, मग पुन्हा चालायला लागले. बोटांची आग व्हायला लागली. एकदा चुकून डोळ्याला हात गेला आणि दोन्ही डोळे लालबुंद झाले, पाणी थांबेना. तेवढ्यात दारात सायकल वाजली. तानबा होता. म्हातारा उंबऱ्याबाहेरच घुटमळला. साहेबांनी नववीच्या तपासलेल्या वह्या मागितल्या होत्या. कपाट उघडलं तर एकही वही नाही. अण्णाजींनी त्याला तातडीने पिटाळलं होतं, की मॅडमच्या घरून वह्या घेऊन ये.

तानबाने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि नजर वळवली. “रडू नका मॅडम,” तो हळूच म्हणाला.

“रडून नाई राह्यली मी, तानबाभाऊ. मिरची हाय.”

कोपऱ्यातली पिशवी तिने ओढली आणि वरची वही उघडली. पहिल्या पानापासून लाल शाई. जूनची तारीख, सही. जुलैची तारीख, सही. पोळ्याच्या आधीची, दिवाळीच्या आधीची, मागच्या आठवड्याची. सगळीकडे तिची वळणदार अ. उरकुडे. अण्णाजींनी हजेरीपत्रक बदललं, यादी बदलली, माणूस बदललं. पोरांच्या वह्या बदलाव्या लागतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही, कारण सोळा वर्षांत त्यांनी एकही वही उघडून पाहिली नव्हती. अन्नपूर्णा हसली. तिच्या पोटात एवढा राग गोळा झाला होता की ते हसणं ऐकून रुख्माबाई सुपडं खाली ठेवून उभी राहिली.

तानबाने पिशवीला हात लावला. ती म्हणाली, राहू द्या, मी आणते. रूपराव खाटेवरून काही बोलणार होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि ते तंबाखू मळायला लागले. हातसुद्धा न धुता, मिरचीच्या बोटांनी तिने लाल पेन कमरेला खोचलं आणि निघाली.

नववीच्या दारात ती पोहोचली तेव्हा साहेब खुर्चीवर बसून वर्गाला प्रश्न विचारत होते. बाजूला अण्णाजी आणि मुख्याध्यापक. फळ्याजवळ सुरभी, नवी कोरी साडी, हातात न वापरलेला खडू. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कालचा वाक्प्रचार तसाच राहिला होता, कोणी पुसला नव्हता. साहेबांनी तोच धरला. कोण वाक्यात उपयोग करून दाखवेल, असं विचारलं. पोरांना सकाळी तोंड न उघडण्याचा दम दिलेला होता.

रिंकू उठली. “अवर मॅडम इज नॉन-ग्रँटेड,” ती एक एक शब्द मोजून म्हणाली, “सो दे टेक हर फॉर ग्रँटेड.” आमची मॅडम नॉन-ग्रँटेड आहे, म्हणून तिला सगळे गृहीत धरतात.

साहेब खूश झाले. मोठ्याने हसले. सुरभीकडे वळून म्हणाले, पोरीनं तुमच्यावरच केलं की वाक्य, पण आता तर तुम्ही ग्रँटेड होताहात. सुरभी हसली नाही. रिंकूही बसली नाही. ती म्हणाली, ह्या मॅडम नाही, आमच्या मॅडम. अण्णाजींनी चटकन मध्ये तोंड घातलं, की पोरगी जरा आगाऊ आहे, आणि साहेबांना जेवायला उशीर होतो आहे. साहेबांनीही घड्याळ पाहिलं. पोर आहे, चुकलं असेल, म्हणत ते उठायला लागले. असंच असतं. सोळा वर्षांचं खरं एका वाक्यात समोर येऊन उभं राहतं, आणि माणूस जेवायला उठतो.

“बसा साहेब,” अन्नपूर्णा दारातून म्हणाली.

आवाज वर्गात पोरांना दटावायचा होता. साहेब बसले. ती आत आली, पिशवी टेबलावर रिकामी केली. एकतीस वह्या. कमरेचं लाल पेन काढून तिने साहेबांपुढे धरलं.

“पोरीच्या वाक्यात चूक असंन तं काढा. हे घ्या पेन. मी सोळा वर्षं ह्या शाळेत चुका काढून राह्यली. मले तं त्यात एकही सापडत नाई.”

साहेबांनी पेन घेतलं नाही. त्यांनी तिच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं, मग वरची वही उघडली. मग दुसरी. अ. उरकुडे, जून. अ. उरकुडे, ऑगस्ट. अण्णाजी सांगू लागले की बाई घरी शिकवणी घेतात, वह्या तिकडच्या असतील. पण मुखपृष्ठावर शाळेचा शिक्का होता आणि प्रत्येक तिमाहीला खाली मुख्याध्यापकांची सही होती, लाल सहीच्या अगदी शेजारी. मुख्याध्यापक खिडकीबाहेर पाहू लागले. साहेबांनी वही मिटली आणि सुरभीला विचारलं, तुम्ही इथं कधीपासून शिकवता. तिने काकाकडे पाहिलं. मग फळ्याकडे पाहिलं.

“सोमवारपासून,” ती म्हणाली. “अजून शिकवलं नाही. मागे बसून शिकून राहिले.”

त्या दिवशी अण्णाजींच्या घरचं जेवण तसंच राहिलं. साहेबांनी यादीत सुरभीच्या नावापुढे शेरा मारला, तीन वह्या ताब्यात घेतल्या आणि अन्नपूर्णाचा जबाब लिहून घेतला. जबाबाखाली तिने सही केली, सहीखाली तारीख टाकली, आणि त्याआधी मजकुरातली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक त्यांच्या देखत लाल पेनाने सुधारली. सुरभीचं नाव थांबलं म्हणून अन्नपूर्णाचं चढलं असं नाही. त्याला वर्ध्याला सुनावणी लागणार होती, आणि सरकारी सुनावणी होईल तेव्हा होईल. पण सोळा वर्षं ती इथे होती, हे आता एका सरकारी कागदावर होतं.

जीप गेल्यावर व्हरांड्यात, माठाजवळ, अण्णाजींनी तिला गाठलं. चेहऱ्यावर राग कमी आणि आश्चर्य जास्त होतं. पाळलेल्या बैलाने शिंग उगारावं तसे ते तिच्याकडे पाहत होते.

“मले वाटलं होतं मॅडम,” ते म्हणाले, “तुमी समजून घ्यान.”

अन्नपूर्णाने तानबाने भरलेल्या माठातून पेलाभर पाणी घेतलं. शांतपणे प्यायली. पेला पालथा ठेवला.

“हेच वाक्य,” ती म्हणाली. “ह्याचंच इंग्रजी कालच्या तासाले शिकवलं. पाच वेळा लिहून आणजा, अण्णाजी. सोमवारी तपासून देईन.”

आणि घंटा झाली होती म्हणून ती आठवीच्या वर्गात गेली.